ओवाळणीत मागितलेला शब्द

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला, आणि शिवकन्या चमकली!

गेल्या सात महिन्यांत ईश्वरप्पा वकिलांनी तिचा एकही फोन घेतला नव्हता. ऑफिसात जावं तर साहेब कोर्टात, कोर्टात जावं तर साहेब आत्ताच गेले! आणि इकडे दिवस भराभर सरत होते. किनवटच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा, राहायला खोली, नवऱ्यापासून, सुदर्शनपासून दूर एक सुरक्षित जग... त्यासाठी संस्थेला घटस्फोटाच्या निकालाची प्रत परवापर्यंत हवी होती. आज तिच्या मोबाइलचा रिचार्ज संपला, म्हणून तिनं अव्वाचा, म्हणजे आईचा फोन घेतला होता. आणि पलीकडून केवढ्या अगत्यानं आवाज आला!

"बोला अक्का! काळजी करू नका. दिलेला शब्द मोडला न्हाई मी. पोरीचा घटस्फोट होऊ दिला न्हाई..."

शिवकन्येनं फोन बंद केला.

ईश्वरप्पा अव्वाच्या, म्हणजे पार्वतम्माच्या माहेरचे, चाकूरचे. पार्वतम्माला सख्खा भाऊ नव्हता. ती दर भाऊबीजेला त्यांनाच ओवाळायची. घरचा माणूस आपल्याला दगा देणार नाही, म्हणून शिवकन्येनंच हट्टानं त्यांना वकील केलं होतं.

पार्वतम्मा ओट्याशी चहाचं आधण ठेवत होती. आज लोह्याहून जावई यायचा होता. महिन्यातून एकदा तो लातूरला येई, सासूच्या पाया पडून गोड गोड बोले. आणि मग शिवकन्या ज्या मेसमध्ये शिकवणीच्या मुलांसाठी पोळ्या लाटायची, तिच्या फाटकाशी उभा राहून तिला दरडावत राही.

"अव्वा, मामाकडनं कसला शब्द घेतलास तू?"

पार्वतम्मा चपापली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "दिवाळीला ताटात पैसे घालून राहिला होता. मी म्हनलं, पैसा नको मला. माझ्या लेकीचं घर मोडू नको, एवढीच ओवाळणी घाल... जावई लई पस्तावलेत गं! अन् तू तरी कुठं सांगितलंस, ते घर का सोडलंस म्हणून?"

खरंच, कुठं सांगितलं होतं तिनं? हे स्थळ अव्वानं आणलेलं. वडिलांच्या मनात नव्हतं, पण अव्वानं हट्ट धरला होता. वडील गेले, अव्वाचं हृदयाचं ऑपरेशन झालं. त्या दुबळ्या हृदयावर आणखी घाव नको, म्हणून शिवकन्येनं सारं एकट्या वकिलाला सांगितलं, आणि गळ्यातल्या इष्टलिंगाची शपथ घातली... "मामा, अव्वाला यातलं काही कळू देऊ नका!" बिचारा ईश्वरप्पा! बहिणीला खरं सांगायची चोरी, भाचीला सोडवायची चोरी. मग उरलं एकच, फोन न उचलणं! दोन्ही शब्द इतक्या निष्ठेनं पाळणारा वकील अख्ख्या कोर्टात दुसरा सापडला नसता, आणि त्याच निष्ठेनं त्यानं तिचा गळा कापला होता.

ती भिंतीला टेकून बसली. किती वेळ गेला कोण जाणे. एकाएकी अव्वानं तिचा डावा खांदा गदागदा हलवला.

"हे बघ असं! मघापासून बोलून राहिले, अन् पोरगी वळून बघत न्हाई. एवढा राग आईचा?"

आणि इतक्या वर्षांचा बांध फुटला!

"राग न्हाई गं अव्वा! मला या डाव्या कानानं ऐकूच येत न्हाई... तीन वर्षं झाली. तुझ्या जावयानं मारलं, अन् रक्त आलं... तेव्हापासनं!"

तीन वर्षं पार्वतम्मा या लेकीला अडेलतट्टू म्हणत होती! मग तिनं चाचपडत फोन उचलला.

"ईश्वरा, तुझी ओवाळणी परत घे! माझ्या लेकीला सोडव रे..."

"अक्का..." पलीकडून वकील म्हणाले. "लई उशीर झाला. तारखांना मी गेलोच न्हाई. कुणी हजर न्हाई म्हणून गुरुवारी अर्ज निकाली काढला कोर्टानं. आता पुन्हा पहिल्यापासनं... वर्षं जातील, अक्का."

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. पार्वतम्मानं उकळता चहा मोरीत ओतला आणि दाराला कडी घातली.

"अव्वा, दार उघडा की!" सुदर्शन ओरडला. "अजून बायको हाय ती माझी!"

ते मात्र खोटं नव्हतं. तो बराच वेळ दार ठोठावत राहिला, मग निघून गेला. पुढच्या महिन्यात तो पुन्हा येणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

शिवकन्येनं किनवटच्या अर्जाची घडी करून डब्याखाली ठेवली. अव्वा तिच्या शेजारी येऊन बसली, आणि दुःखाच्या भरात विसरून पुन्हा डावीकडेच बसली! लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून ती कितीतरी वेळ हुंदक्यांत पुटपुटत होती... शिवकन्येला त्यातला एकही शब्द ऐकू आला नाही. फक्त गालावर ऊन श्वास, आणि खांद्यावर ओल.

तिनं मान वळवली नाही.

"ऐकलं गं अव्वा," ती म्हणाली. "सगळं ऐकलं."