जेनीची मोकळी जागा

लॉटी ग्राबोव्स्कीचं कोणी ऐकलं नाही. पाद्र्यानं नाही, शेजारणींनी नाही, सख्ख्या आईनं तर नाहीच. पंचवीस वर्षं ती सांगत होती की मी बहिणीला उचलायला वाकतच होते, तेवढ्यात एका पुरुषानं दटावलं म्हणून थांबले. लोक म्हणायचे, "हो का? मग आम्हाला कसं नाही ऐकू आलं?" कानाशी एवढाले ढोल बडवले जात असताना काय डोंबल ऐकू येणार होतं त्यांना!

तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या त्या गिरणीच्या गावात बर्फ पडायला लागला की बिगुल पथकांचे सामने आर्मरीत, म्हणजे शिपायांच्या कवायतीच्या मोठ्या इमारतीत व्हायचे. आत चालायला जागा नसे, म्हणून उभ्याउभ्याच वाजवायचं. अंगात जाड लोकरी गणवेश, वर सिगारचा धूर, आणि परीक्षक रांगांतून फिरत एकेक चूक टिपायचे. पाय हलला, गुण गेला. नजर परीक्षकांच्या डोक्यावरून समोरच्या सज्ज्याच्या कठड्यावर. इकडेतिकडे बघितलं तरी गुण गेला.

त्या रविवारी दुपारी लॉटीच्या शेजारी उभी असलेली जेनी, तिची धाकटी बहीण, ऐन वाजवण्यात कोसळली. लॉटी वाकली, आणि आवाज आला: "नजर समोर! कोणी हलायचं नाही!" लॉटी ताठ झाली. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, मग पोरीला उचललं. डॉक्टर म्हणाला, हृदय कमजोर होतं, पण लगेच उचलली असती तर वाचली असती.

पथकाला ढाल मिळाली.

नजर कठड्यावर असल्यामुळे कोण बोललं ते लॉटीला दिसलं नव्हतं. तिनं पथकाला शिकवणाऱ्या हॅगर्टीचं नाव घेतलं. तो नाही म्हणाला आणि नाही म्हणतच मेला. समोर उभा राहून हात हलवणारा पथकप्रमुख काझिक मात्र चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत हळहळला होता, "कोणीच काही बोललं नाही हो. लॉटीला धक्का बसलाय, तिला बोल लावू नका." किती भला मुलगा, असं गाव म्हणालं. जेनीच्या शवपेटीला खांदा त्यानंच दिला. तेव्हापासून दर रविवारी तो आईकडे जेवायला जाई, आणि आई त्याला पिरोग्या, त्या बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाढी. लॉटीला आईनं कधी दारात उभं केलं नाही.

आता आर्मरी पाडायची ठरली होती, म्हणून जुन्या पथकानं शेवटचं एकदा जमायचं ठरवलं. लॉटीनं शाळेच्या स्वयंपाकघरात, जिथं ती मुलांना जेवण रांधी, बिगूल घासूनपुसून चकचकीत केला आणि भर दुपारी गेली. टकलं पडलेली, पोटं सुटलेली माणसं जुन्या टोप्या घालून एकमेकांना हसत होती. आईला काझिकनंच गाडीतून आणलं होतं. ती काठी टेकून सज्ज्याखालच्या बाकावर बसली.

"आई," लॉटी म्हणाली.

"वाजवायला आलीस ना? जा, वाजव."

ढोलवाले निम्मे आलेच नव्हते. "कोणाची कंबर धरली, कोणाला बायकोनं धरलं," जाडा बोलेक ढोल पोटावर चढवत म्हणाला.

"लॉटी, तू तुझ्या जागेवर," काझिक म्हणाला. "जेनीची जागा मोकळी ठेवायची."

पथकाची रीतच होती ती. कोणी आलं नाही तर शेजाऱ्यानं सरकून जागा भरायची नाही. रांगेत पोकळी ठेवूनच वाजवायचं.

काझिकचा हात वर गेला. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला... आणि लॉटीच्या उजव्या बाजूलाही, जिथं कोणी नव्हतं, कोणीतरी श्वास घेतला.

शेगड्या कधीच्या बंद होत्या. हॉलमध्ये हाडं गोठत होती. पण तिचा उजवा गाल तापला. ओल्या लोकरीचा वास आला, पितळ घासायच्या मलमाचा आला, आणि त्यांच्यावर पेपरमिंटचा. जेनी ओठ सुकू नयेत म्हणून गालात पेपरमिंट धरायची. लॉटीनं नजर कठड्यावर गच्च रोवली. आणि मग सगळ्यांच्या सुरांवर एक सूर चढला, बारीक, स्वच्छ. एवढ्या उंचीवर त्यांच्यातला कोणी आता जाऊ शकत नव्हता.

बोलेकचा हात अडखळला. ढोल थांबले. बिगूल एकेक करून गप्प झाले. तो सूर एकटाच वाजत राहिला... मग फाटला.

मोकळ्या जागेत काहीतरी धप्पकन पडलं.

"नजर समोर! कोणी हलायचं नाही!"

या वेळी ढोल वाजत नव्हते. सगळ्यांनी ऐकलं.

लॉटी मात्र हलली. ती गुडघ्यांवर आदळली, दोन्ही हातांनी लाकडी जमीन चाचपायला लागली. कोणी नव्हतं. फक्त बिगुलाचं तोंड, तो ओठाला लावायचा पितळी तुकडा, तिथं पडला होता. ओला आणि गरम. कडेवर जेनीच्या दाताची खूण. जेनीला पेटीत ठेवताना लॉटीनंच तो तिच्या मुठीत दिला होता, आणि झाकण तिच्या डोळ्यांदेखत ठोकलं होतं.

तिनं वर पाहिलं. काझिकचा हात अजून हवेतच होता. तोंड उघडं.

"तूच बोललास," बोलेक पुटपुटला. "अरे... अगदी हेच शब्द ही सांगत होती."

"मी... पडल्याचा आवाज आला... तोंडातून आपसूक निघालं..."

"तेव्हाही आपसूकच निघालं होतं का रे?" लॉटी किंचाळली. "मी त्या मेलेल्या हॅगर्टीला शिव्या देत बसले! आणि तू माझ्या आईच्या हातच्या पिरोग्या गिळत होतास!"

काठी टकटकत आई रांगेपर्यंत आली. तिनं हात पुढे केला. लॉटीनं तो तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला. आईनं तो नाकाशी नेला, पेपरमिंटचा वास घेतला. तिनं मूठ मिटली. त्या मिटलेल्या मुठीतून हलकेच, सगळ्यांना ऐकू येईल असा, कोणीतरी श्वास आत घेतला.

आईनं पंचवीस वर्षांत पहिल्यांदा लॉटीचा दंड धरला. मग समोर बघून, रविवारी ताटावर हाक मारायची त्याच मायेच्या आवाजात म्हणाली,

"काझिक, नजर समोर. हलायचं नाही."