मागे उभे आहेत

जहाजाने धक्का सोडायच्या आधी सगळ्या प्रवाशांनी बचावाच्या कवायतीला यायचं, असं खोलीतल्या स्पीकरवरून पुन्हा पुन्हा सांगत होते, तेव्हा बाईंचा नवरा नुकताच बूट काढून पलंगावर आडवा झाला होता.

"अहो, उठा. सगळे निघालेत."

"तू जा. मला काय पट्टा बांधायला शिकवणार ते? उभं आयुष्य पूल बांधले मी."

पूल बांधले हे खरंच होतं. भर पात्रात खांब उभे करणारा तो कंत्राटदार. प्रत्येक कामावर 'हेल्मेट घाला' अशी हातभर लांब पाटी लावायचा आणि स्वतः उघड्या डोक्याने फिरायचा. नियम दुसऱ्यांसाठी असतात, अशी त्याची अगदी प्रामाणिक समजूत होती. त्यात उर्मटपणापेक्षा लाडावलेपण जास्त होतं आणि ते लाड बाईंनीच केले होते. सोसायटीची सभा असो, कुणाच्या घरचं बोलावणं असो, "हे आत्ताच बाहेर पडलेत", "हे येतच आहेत" ही वाक्यं त्यांच्या तोंडून आपोआप निघायची. गंमत म्हणजे बाई स्वतः विमा कंपनीत दावे तपासायच्या. दुकान जळलं की जाळलं, हे राखेकडे बघून सांगायच्या. कचेरीत त्यांना खोटं खपत नसे. घरचं खोटं त्या खोट्यात धरत नव्हत्या, इतकंच.

कपाटात दोन नारिंगी जाकिटं टांगलेली होती. बाईंनी त्यांतलं एक घेतलं आणि दार ओढून घेतलं.

बाहेरच्या बोळात माणसं मेंढरांसारखी पुढे सरकत होती. "सुट्टीवर आलोय की सैन्यात?" कुणीतरी करवादलं. एका गृहस्थाने हातातला पेला तसाच आणला होता आणि दर चार पावलांनी त्यातला एक घोट घेत होता. दोन बहिणी जाकीट उलटं घालून एकमेकींचे फोटो काढत होत्या. "बुडायचंच झालं तर ह्या नाड्या बांधत कोण बसणार?" असं एक आजोबा मोठ्याने म्हणाले आणि आजूबाजूचे सगळे हसले. बाईही हसल्या. एवढं पांढरंशुभ्र, थंडगार हवा खेळवलेलं जहाज बुडेल, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

जमायची जागा डेकवर होती. वर लोखंडी हातांना बचावाच्या बोटी लटकत होत्या, त्यांच्या सावलीत माणसांनी रांगा धरायच्या होत्या. दारात पिवळी टोपी घातलेली एक कर्मचारी बाई उभी होती. तिच्या मुठीत मोजायचं छोटं यंत्र होतं. माणूस आत आला की ती अंगठा दाबायची आणि टिक असा आवाज यायचा.

"मॅडम, तुमच्या खोलीत दोघं ना? सर कुठेत?"

"हे मागे उभे आहेत," बाई म्हणाल्या. सवयीने, विचारसुद्धा न करता.

पिवळ्या टोपीने त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. एक टिक वाजली. मग दुसरी.

"सर, पट्टा जरा घट्ट ओढा. हां, असा. थँक्यू."

बाईंनी मान वळवली. मागे भिंतीला टेकून एक माणूस उभा होता. उंची नवऱ्याइतकीच, खांदेही तसेच किंचित पडलेले. जाकिटाची कॉलर कानापर्यंत आली होती आणि तोंड समुद्राकडे होतं. मानेवरचे केस ओले होते, कातडीला चिकटलेले. पोहण्याच्या तलावातून थेट आला असेल बिचारा, असं बाईंना वाटलं. बरं झालं, वेळ निभावली.

भोंगा वाजला. पट्टा कसा बांधायचा, शिट्टी कुठे असते, ते दाखवायला सुरुवात झाली आणि अर्ध्यातच रांगा विस्कटल्या. लोक जाकिटं काढत काढत चहाकडे निघाले. बाईही निघाल्या. जाता जाता त्यांनी पाहिलं, तो माणूस जागचा हलला नव्हता.

खोलीत येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा नवरा खो खो हसला. "बघ, माझ्यावाचून माझी कामं होतात. उगाच ओरडत असतेस."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बाई पुढे गेल्या, नवरा दाढी उरकून येणार होता. त्यांच्या टेबलावर त्याची खुर्ची मागे ओढलेली होती. पेल्यातलं पाणी अर्धं संपलं होतं. मांडीवर घ्यायचा रुमाल चुरगळून ठेवलेला, आणि तो ओलाकच्च होता. खुर्चीची गादीही ओली होती. बाईंनी बोट लावून पाहिलं, नाकाशी नेलं. खारट वास आला.

"हे कुणी सांडलं?" त्यांनी वाढप्याला विचारलं.

"सर आत्ताच उठले ना, मॅडम," तो म्हणाला आणि निमूटपणे गादी बदलली.

शेजारच्या टेबलावर एक दातांची डॉक्टर आपल्या नवऱ्याबरोबर बसायची. मोकळ्या स्वभावाची, बडबडी. ती पुढे वाकून म्हणाली, "तुमच्या मिस्टरांचं मला कौतुक वाटतं हं. काल कवायतीला आम्ही सगळे पाट्या टाकून पळालो. ते मात्र सकाळीसुद्धा तिथेच होते. जाकीट घालून, एकटेच. मी हाक मारली, पण लक्ष नव्हतं त्यांचं."

"सकाळी हे झोपले होते," बाई म्हणाल्या.

"मग त्यांच्यासारखं कुणी असेल," डॉक्टर म्हणाली. तेवढ्यात नवरा आला आणि खुर्चीत बसला. डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली नाही, आणि परक्या माणसासाठी सरकतात तशी आपली खुर्ची जराशी बाजूला घेतली.

त्या दिवसापासून लहानसहान गोष्टी बिनसू लागल्या. नवऱ्याच्या कार्डाने खोलीचं दार उघडेना. वाढपी त्याच्या समोरून जायचे आणि बाईंनाच विचारायचे. लिफ्टचं दार त्याच्या तोंडावर मिटायचं. सुरुवातीला त्याने थट्टाच केली. "म्हातारा झाला की माणूस दिसेनासा होतो म्हणतात, ते हेच." मग थट्टा आटली. एका संध्याकाळी तो पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसला होता. आयुष्यात कधी स्वेटर न घातलेल्या माणसाने दोन पांघरुणं ओढली होती.

"एक सांगू?" तो हळूच म्हणाला. "लोक मला धक्का मारत नाहीत. मी जिथे उभा असतो ना, तिथेच येऊन उभे राहतात. मलाच बाजूला व्हावं लागतं."

त्याच्या आवाजात अशी भीती बाईंनी कधी ऐकली नव्हती. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी कपाट उघडलं. त्यांचं जाकीट जागेवर होतं. त्याचं नव्हतं. रिकाम्या आकड्याखाली कपाटाच्या तळाशी पाणी साचलं होतं.

बाई तडक डेकवर गेल्या. पिवळी टोपीवाली बोटींचे दोर तपासत होती.

"मला एक सांगायचंय. पहिल्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. हे कवायतीला आलेच नव्हते. खोलीत झोपले होते."

"मॅडम, मी स्वतः पाहिलं त्यांना."

"तो दुसरा कुणीतरी होता."

ती हसली. हसू प्रेमळ होतं, म्हणूनच बाईंना ते सहन होईना. "खरं सांगू? सगळे कुरकुर करतात आमच्या नावाने. दार ठोठावलं की आतून कड्या लावून बसतात. तुमचे मिस्टर एकटेच मनापासून करतात. रोज येतात. किती वेळ उभे राहतात इथे."

बाईंनी कठड्याचा आधार घेतला. "तुम्ही मोजता कशासाठी आम्हाला?"

"कुणी पाण्यात गेलं तर कळावं म्हणून. आकडा कमी भरला की जहाज मागे फिरतं, पार रात्रभर शोधतं."

"आणि आकडा भरला तर?"

"तर कुणाला शोधायचं, मॅडम?"

तिथून खोलीपर्यंत बाई जवळजवळ धावत गेल्या. मधल्या बंदरात नवे प्रवासी चढले होते, त्यामुळे सकाळी पुन्हा कवायत होणार होती. एवढी एकच संधी होती. ह्या वेळी नवऱ्याला हाताला धरून न्यायचं, त्या बाईच्या डोळ्यांसमोर उभं करायचं, आणि सांगायचं, हा बघा, हा माझा नवरा, ह्याला मोजा. नवऱ्याने एका शब्दानेही वाद घातला नाही. "येतो," म्हणाला. तो इतक्या मुकाट्याने तयार झाला, की बाईंना रडू फुटलं.

सकाळी धुकं पडलं होतं. डेकच्या कठड्यापलीकडे काहीच दिसत नव्हतं, नुसता खालून पाण्याचा आवाज. जहाज संथ चाललं होतं आणि मधूनमधून भोंगा देत होतं. बोळात तीच गर्दी, तीच कुरकुर. "पुन्हा? अहो, एकदा झालं ना?" "आमचा नाश्ता राहिलाय." बाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. त्याला जाकीट नव्हतं. आपलं त्याच्या अंगात घालायचं म्हटलं, तर बाईंनी कितीदा पट्टा बांधला तरी तो सुटून येत होता. शेवटी बाईंनी ते स्वतःच घातलं.

दाराशी आल्यावर पिवळ्या टोपीने बाईंकडे पाहून मान हलवली. टिक.

"हे माझे मिस्टर," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "हे बघा. हे. ह्यांना मोजा."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. निरखून पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली.

"सर तर केव्हाच आत आलेत, मॅडम."

रांगेत, बाईंच्या जागेच्या मागे, तोच माणूस उभा होता. कॉलर वर, तोंड समुद्राकडे.

"तो नाही! अहो, मी खोटं बोलले होते. किती वेळा सांगू? हे आहेत माझे."

"चला हो पुढे," मागून कुणीतरी ओरडलं.

"काकू, नवरा एकच सांगा आणि मोकळ्या व्हा," दुसरा म्हणाला. गर्दीत हशा पिकला.

"सर, तुमची जागा इथे नाही," पिवळी टोपीवाली नवऱ्याला शांतपणे म्हणाली. "पलीकडच्या बाजूने जा. असे, कडेकडेने."

"जाऊ नका," बाई म्हणाल्या.

मागच्यांनी रेटा दिला. त्या आत ढकलल्या गेल्या आणि हात सुटला.

"थांब," नवरा म्हणाला. "गोंधळ घालू नकोस. मी पलीकडच्या दाराने येतो."

जन्मात पहिल्यांदा तो सांगितल्या वाटेने गेला. कठड्याला धरून, उघड्या डोक्याने. धुक्यात आधी त्याचे पाय दिसेनासे झाले, मग पाठ.

बाईंना पलीकडे दार दिसत नव्हतं. नुसता पांढरा पडदा होता.

"अहो!" त्यांनी हाक मारली.

"आलो," उत्तर आलं. आवाज डेकवरून आला नव्हता. कठड्याच्या बाहेरून आला होता. खालून.

बाई किंचाळल्या. "माणूस पडला! जहाज थांबवा! हे पाण्यात आहेत!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. पिवळ्या टोपीने मुठीतलं यंत्र डोळ्यांसमोर धरलं, रांगांवरून एकदा नजर फिरवली.

"सगळे आहेत, मॅडम. कुणीही कमी नाही."

"अहो, ऐका ना, ते हाक मारतायत!"

दातांची डॉक्टर पुढे आली आणि कान देऊन ऐकलं. मग तिने बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. "भोंगा आहे तो. घाबरलात तुम्ही." बाईंच्या डोक्यावरून मागे पाहत ती मायेने म्हणाली, "ह्यांना आत घेऊन जा हो. जरा पडू द्या."

कवायत संपली. लोक जाकिटं काढत काढत नाश्त्याकडे निघाले. ह्या वेळी लवकर सुटलो, असं कुणीतरी खुशीत म्हणालं. जहाजाने वेग घेतला, तो पायांखालच्या थरथरीतून कळला.

मागून येऊन कुणीतरी बाईंचा हात हातात घेतला. बाईंनी मान वळवली नाही.

पांढऱ्या धुक्यातून, बरंच मागून, त्यांचा नवरा त्यांना हाक मारत होता. चारचौघांत कधीच न घेतलेल्या, फक्त दोघांना ठाऊक असलेल्या नावाने. हाक दर वेळी आणखी लांबून येत होती, आणि दर हाकेला बाईंच्या हातातली ती ओली बोटं जराशी घट्ट होत होती.