गाळलेला रविवार

वेबसाइटवर हिरवी अक्षरं: ए निगेटिव्ह, दोन पिशव्या शिल्लक.

रक्तपेढीच्या फ्रिजमधला ए निगेटिव्हचा कप्पा. रिकामा.

काळ्या पडद्याचा जुना संगणक. शेजारी फोडलेल्या नारळाची करवंटी.

मंगळवेढ्याची सृष्टी सोमवारी दुपारी बाळंतपणात रक्ताअभावी गेली. मूल जगलं.

मंगळवारी सकाळी सिद्धेश्वरीला फोन आला. रक्तपेढीच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या नोंदी वेबसाइटवर पोचवणारी जोडणी तिनं बांधली होती. व्यवस्थापक बाळासो सांगत सुटले होते, त्या पोरीच्या जोडणीनं बाई मारली. सृष्टीचा नवरा शिवराज तिच्यावर तक्रार द्यायला निघाला होता.

तिचं डोकं भणभणलं. तरी आधी तिनं जोडणी तपासली. ठणठणीत. नियम साधा होता: शेवटच्या उचललेल्या नोंदीनंतरची तारीख-वेळ असेल तरच नवी नोंद उचलायची. दोन्ही पिशव्या दिल्याची नोंद जुन्या प्रोग्रॅममध्ये होती, शनिवार सकाळची. शनिवार संध्याकाळपर्यंतचं बाकी सगळं वर पोचलेलं. एवढंच राहिलं होतं.

त्या पिशव्या नेणाऱ्या, दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकाला तिनं फोन लावला. तो म्हणाला, रविवारी नेल्या.

आणखी एक गोष्ट दिसली. मागच्या महिन्यात वेबसाइटवरचा आकडा कुणीतरी हातानं बदलला होता.

तिनं ऑपरेटर चन्नवीरला गाठलं.

"मशीनला तारीख कोण सांगतं?"

"ज्यो चालू करंल त्यो. आतला सेल मेलाय, रोज सकाळी तारीख विचारतंय की."

"रविवारी?"

"अमावस्या हुती, मॅडम. घरची पूजा करून उशिरा आलो. मग हितं नारळ फोडला."

"तेव्हा मशीन?"

"मी आलो तवा चालूच हुतं."

सिद्धेश्वरी अक्कलकोटची. तिच्याही घरात नवी गाडी शुभ म्हणून अमावस्येलाच दारात येई.

दुपारी विश्वस्तांपुढं बाळासोंनी चन्नवीरलाही झोडपलं. तारीख त्यानंच चुकवली म्हणाले. सिद्धेश्वरी उभी राहिली.

"चन्नवीर अमावस्येला भीत नाही. तुम्ही भिता. रविवारी मशीन तुम्ही चालू केलंत आणि तारीख सांगितलीत शनिवारची. जोडणीला वाटलं, ही वेळ तर कधीच होऊन गेली. तिनं अख्खा रविवार गाळला."

"आमच्यात अमावस्येला घरातनं मीठसुद्धा भायेर देत न्हाईत," बाळासो गुरकावले. "हितं तर रगात. दिलं की मी! नोंद तेवढी आदल्या दिवशी टाकली, कुणाचं काय बिगडलं?"

"मागच्या अमावस्येलाही आकडा चुकला. तो तुम्ही हातानं सुधारलात. त्याचा पासवर्ड माझ्याकडे नाही, चन्नवीरकडे नाही, एकट्या तुमच्याकडे आहे. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मला सांगितलं नाहीत. या वेळी सुधारायला विसरलात, आणि बाई मेल्यावर माझं नाव घेतलंत."

विश्वस्तांनी शिवराजकडं पाहिलं. तो दाराशी उभा होता, हातात मुलाचं दुपटं.

"वेबसाइटवर न्हाय म्हणून दिसलं आसतं," तो म्हणाला, "तर सोमवारी मी हितं आलोच नसतो."

सोमवारी दुपारी सात रस्ता चौकाजवळच्या दुसऱ्या रक्तपेढीत ए निगेटिव्ह रक्त होतं.