सुईला ऐकू येणारी पावलं

यातला एकही शब्द मी मनाने घातलेला नाही. उलट भीती वाटते की माझ्या हातून काही निसटलं असेल.

हे घडलं माझ्या थोरल्या भावाच्या घरी. त्याला सगळे अण्णा म्हणतात. रविवारची दुपार होती, खिडक्यांतून भरपूर ऊन येत होतं. अंधाराची सबब सांगायला जागा नाही.

अण्णा जन्मभर पुस्तकं बांधत आला. खाली बाइंडिंगचं दुकान, वर घर. वरची जमीन फळ्यांची. वहिनी जाऊन वर्ष झालं होतं आणि अण्णा तिथे एकटाच राहत होता.

त्याच्या लेकीने हट्ट धरला होता, आता आमच्याकडे चला.

"आणि माझ्या रेकॉर्डी?"

"आमच्या दोन खोल्यांत तुमची चार कपाटं कुठे ठेवू, अण्णा? तुमच्या जावयाच्या डोक्यावर?"

जावई रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम करतो. त्याने तोड काढली. एक रेकॉर्ड सीडीवर उतरवायची. पुढच्या रविवारी दोन्ही एकदम सुरू करायच्या आणि बटण फिरवून कधी ही, कधी ती ऐकायची. डोळे मिटून अण्णाला फरक सांगता आला नाही, तर रेकॉर्डी विकायच्या आणि अण्णाने मुकाट्याने लेकीकडे यायचं.

अण्णा कबूल झाला.

वहिनीच्या आवडीची रेकॉर्ड निघाली. जावयाने वायरी जोडल्या, सुई ठेवली आणि सगळ्यांना घराबाहेर काढलं. रेकॉर्डची सुई फार हळवी असते. फळ्यांवर कुणी चाललं तरी ते पाऊल तिला कळतं आणि कॉपीत उतरतं. म्हणून रेकॉर्ड संपेपर्यंत अण्णा, लेक आणि जावई तिघं खाली दुकानात चहा पीत बसले. दाराला कुलूप. किल्ली अण्णाच्या खिशात.

वर कुणीही नव्हतं.

पुढच्या रविवारी तिघं कोचावर बसले. अण्णाने डोळे मिटले. गाणं सुरू झालं.

"ही रेकॉर्ड," अण्णा लगेच म्हणाला. बटण फिरलं. "ही सीडी. चरचर पुसून काढलीत, जावईबापू. एखाद्या म्हाताऱ्याच्या सुरकुत्या पुसाव्यात तशी."

"पण आवाज स्वच्छ आहे की नाही?"

"स्वच्छ आहे. इस्पितळासारखा."

लेक हसली. मग हसता हसता थांबली.

गाण्याच्या खालून काहीतरी येत होतं...

ठप्.

टक्.

ठप्.

"कॉपी करताना कुणी चालत होतं का इथे?" जावयाने विचारलं. विचारताना त्यालाच कळलं, की तिघंही खाली होते.

पाऊल. काठी. पाऊल.

अण्णाने डोळे उघडले नाहीत. वहिनीचा उजवा गुडघा गेला होता, ती अशीच चालायची. तीस वर्षं अण्णाने ही चाल दुकानाच्या छतातून ऐकली होती. ती स्वयंपाकघरात आहे की खिडकीशी, हे तो मान वर न करता सांगायचा.

"तीच आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

जावई स्पीकरला कान लावून बसला.

"अण्णा... अजून एक आहे."

खरंच होतं. जड पाऊल. काठी नाही. घाई नाही. वहिनीची पावलं खिडकीकडे गेली, की ते खिडकीकडे जायचं. ती वळली, की ते वळायचं.

मग वहिनीची पावलं भराभर पडू लागली.

त्या गुडघ्याने ती कधी पळाली नव्हती.

काठी पडल्याचा आवाज आला...

त्यानंतर फक्त जड पावलं. ती सुईच्या अगदी जवळ आली आणि थांबली. गाणं संपलं.



"रेकॉर्डवर लावा," अण्णा म्हणाला.

"रेकॉर्डवर हे नसणारच. हे त्या दुपारचं, कॉपी करताना आलेलं. रेकॉर्डवर फक्त गाणं आहे. बाकी सुईला जे ऐकू येईल ते..." जावयाने वाक्य पुरं केलं नाही.

सुईला जे ऐकू येईल, ते आत्ताचं.

तिघांनी पाय उचलून कोचावर घेतले. जावयाने लांबूनच हात पुढे करून सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

चरचर. गाणं. बराच वेळ नुसतं गाणं. लेकीने श्वास सोडला.

ठप्.

समोर नुसत्या फळ्या होत्या. त्यांच्यावर ऊन पडलं होतं.

ठप्... ठप्...

आवाज स्पीकरमधून येत होता. आणि कोचाचा लाकडी पाय त्याच ठेक्यात किंचित हलत होता.

"अण्णा, उठा," लेक कुजबुजली. "सामान राहू दे. आत्ता चला. रेकॉर्डी घ्या हव्या तर, सगळ्या घ्या."

अण्णा उठलाही. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या बाजूने, अगदी पुसट आवाज आला...

पाऊल. पाय ओढल्याचा आवाज. पाऊल.

काठी नव्हती.

जड पावलं क्षणभर थांबली. मग तिकडे वळली.

"तिला इथे याच्याबरोबर ठेवून येऊ?" अण्णा म्हणाला. लेकीकडे न बघता तो चालत गेला आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवा उभा राहिला.

तो लेकीकडे गेलाच नाही.

हे मला लेकीने सांगितलं. मी जन्मभर पुस्तकांत तोंड खुपसून बसलेला माणूस, मला वाटलं, दुःखाने होतं असं. म्हणून गेल्या महिन्यात स्वतः गेलो. भर दुपारी. रेकॉर्ड लावलेली होती आणि अण्णा त्या दारात उभा होता, दोन्ही हात चौकटीला टेकवून. घामाने निथळत होता.

"सीडी का नाही लावत?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"सीडीत त्या दिवशी ती कुठे होती ते कळतं. आत्ता कुठे आहे, ते नाही कळत."

"आणि तो... तो कुठे आहे?"

 अण्णा माझ्या डोळ्यांदेखत वीतभर मागे गेला. पाय उचलून नाही. तळवे फळ्यांवर घासत.

मग दात ओठ खाऊन पुन्हा जागेवर आला.

मी त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायला हवं होतं. मी जिना उतरलो.

रोज दुपारी फोन करतो. तो उचलतो, काही बोलत नाही. मागे गाणं चालू असतं. मी गाण्याखालचं काही ऐकायच्या आत फोन ठेवून देतो.