अकराव्या पानावरची आई

बाइंडिंगखान्याच्या अरुंद जिन्यावर माझ्या हातातली फाइल निसटली आणि तीन वर्षांचे काम पायऱ्यापायऱ्यांवर पसरले. खालून वर येणाऱ्या माणसाने त्यातला एक फोटो अलगद उचलला आणि... तो त्याच्या अंगठ्यापासून सुटेना. बोटांना खळ लागलेली होती.

"सोडा तो!"

"मी केव्हाच सोडलाय. तोच सोडत नाहीये."

"ती माझी आई आहे."

त्याने फोटोकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मग बरोबर. हट्ट घराण्यातलाच दिसतोय."

तो बाइंडर होता. मी ज्या ग्रंथालयात संशोधन केले, तिथेच माझ्या आईने तीस वर्षे झाडू मारला. आता तिथल्या कामगारांच्या, मी जमवलेल्या फोटोंचे पुस्तक निघणार होते. प्रती फक्त दोनशे. प्रस्तावनेत संचालकांनी 'सेवकवर्गाविषयी कृतज्ञता' चार वेळा व्यक्त केली होती. त्या वर्गातल्या एकाचेही नाव त्यांना ठाऊक नव्हते. संदर्भ तपासणे हा माझा पेशा. हेही मी तपासले होते.

अंगठ्याचा ठसा उमटलेल्या त्या फोटोत दुपारच्या रिकाम्या वेळी आई संचालकांच्या खुर्चीत बसली होती. चष्मा नाकावर, मांडीवर जाडजूड ग्रंथ, टेबलाला टेकवलेला झाडू.

बाइंडरने कोऱ्या कागदाची घडी घालून सोळा पानांचा नमुना केला. "दोऱ्याने शिवू. पुस्तक सपाट उघडेल, आईंच्या चेहऱ्यावर घडी येणार नाही." मग हळूच विचारले, "कुठल्या फोटोची भीती वाटते?"

"भीती नव्हे, खात्री. नवव्या पानावरचा हाच. संचालक तो काढायला लावतील."

माझी पानांची यादी शेजारी ठेवून तो बराच वेळ नमुना उलटसुलट करत राहिला. "सुरुवातीला एक कोरं पान घालू."

"कशाला?"

"श्वास घ्यायला."

"कागद वाया घालवून श्वास घेणारा बाइंडर मी पहिल्यांदाच बघते."

"आणि एवढं भांडताना कागदाला इतक्या मायेनं हात लावणारी बाई मी पहिल्यांदाच बघतो."

मी हात मागे घेतला... जरा उशिराच.

कोऱ्या पानाच्या दोन बाजू, म्हणून सगळे आकडे दोन-दोनने पुढे सरकले. आई अकराव्या पानावर गेली.

दोनशे प्रती शिवून झाल्या, कव्हरे तेवढी चढायची होती, तेव्हा संचालक आले. अकरावे पान पाहून त्यांनी चष्मा काढला. "हे बघ, तुझ्या आईविषयी आम्हाला आदरच आहे. पण खुर्चीची म्हणून एक प्रतिष्ठा असते."

"ती प्रतिष्ठा रोज सकाळी कोण पुसत होतं, सर?"

ते बाइंडरकडे वळले. "हे पान कापा. मुळापासून. मागमूस राहता कामा नये."

बाइंडरने निमूटपणे सुरी उचलली. 

"कापतो, साहेब. फक्त, प्रस्तावना गळून पडली तर तक्रार नाही, एवढं लिहून द्या."

"प्रस्तावनेचा काय संबंध?"

त्याने एक प्रत उघडून दाखवली. पाचव्या पानावरची प्रस्तावना आणि अकराव्या पानावरची आई — दोन्ही एकाच कागदाचे दोन भाग. मधोमध घडी आणि घडीतून गेलेला दोरा. "हा भाग मुळापासून गेला, की दुसऱ्याला धरायला काही उरत नाही."

"चिकटवा मग!"

"चिकटवेन की. पण प्रकाशनाच्या समारंभात पाहुणे पुस्तक उघडतील, आणि तुमची कृतज्ञता त्यांच्या पायांवर पडेल."

संचालकांनी आपल्या प्रस्तावनेकडे पाहिले — माझ्या आईकडे त्यांनी कधीच पाहिले नव्हते इतक्या काळजीने. "राहू द्या," ते म्हणाले आणि जिना उतरले.

मी प्रत हातात घेऊन पाने मोजली. एकदा, मग पुन्हा. कोरे पान नसते तर प्रस्तावनेचा जोडीदार कुणी दुसराच असता.

"हे तुम्ही त्याच दिवशी ठरवलंत!"

"हो. घडीपाशी बोटभर पट्टी राखून कापलं असतं, तर प्रस्तावना टिकली असती. पण त्यांना मागमूस नको होता ना."

"आणि श्वास घ्यायला म्हणालात ते?"

"तेही खरंच. त्या दिवशी तुम्ही श्वास रोखूनच बोलत होता... मला बघवलं नाही."

 मी हात पुढे केला.

"अहो, खळ आहे हाताला. लवकर सुटणार नाही."

"सोडवायचाय कुणाला?"

मोकळ्या हाताने मी प्रत टेबलावर ठेवली. ती अकराव्या पानाशी उघडली, अगदी सपाट. आई खुर्चीत बसली होती, आणि उठण्याचा तिचा मुळीच विचार दिसत नव्हता.