गच्चीवरच्या चादरी

कुठल्याच लॉजचा मालक धंद्याबद्दल खरं बोलत नाही, हे चैतालीला नोकरीला लागल्या लागल्याच कळलं होतं. बँकवाला समोर असला की म्हणणार, खोली शिल्लक नाही. करवाला आला की म्हणणार, माशा मारत बसलोय. पुण्याच्या एका हॉटेल कंपनीसाठी ती बीड जिल्हा पिंजून काढत होती. रस्ते रुंद झाले, रेल्वे आली, आता इथं मुक्कामाला माणूस किती वाढेल आणि नवं हॉटेल कुठं चालेल, एवढंच कंपनीला हवं होतं. त्यासाठी चैतालीनं आपली एक युक्ती काढली होती. दुपारच्या उन्हात समोरच्या टपरीवर चहा घेत बसायचं आणि लॉजच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी मोजायच्या. जितकी अंथरुणं वापरली गेली, तितक्याच चादरी धुतल्या जाणार. मालकाला एक अक्षर विचारायची गरज नाही.

मांजरसुंब्याच्या चौकातून थोडं आत सुंदररावांचं लॉज होतं. पाटी उडालेली, रंग गेलेला, दारात कुत्रंही बसायचं नाही. पण गच्ची? जेव्हा बघावी तेव्हा दोऱ्या ओथंबलेल्या. चैताली तिथं वेगवेगळ्या वारी जाऊन आली आणि दर वेळी चकित झाली. सुंदरराव लॉज चालवायला देणार आहेत असं कानावर येताच तिनं धाकट्या भावाला, सतीशला, फोन लावला. "डोळे झाकून घे," म्हणाली. सतीशनं खरंच डोळे झाकले. परळीची कंत्राटी नोकरी सोडून त्यानं लॉज चालवायला घेतलं, तिथला मालक झाला. सुंदररावांनी घासाघीस न करता किल्ल्या हातावर ठेवल्या, यावर दोघं तेव्हा हसले होते.

दिवाळीनंतर सतीशचे फोन कमी झाले. बीडला घरी यायचंच त्यानं सोडलं. आई, भिमाबाई, जेवता जेवता थांबायची. "फोनवर नुसता हाय-न्हाई करतोय. आवाज त्याचा वाटत न्हाई गं. जाऊन बघून ये."

चैताली भर दुपारी पोचली. गच्ची भरलेली होती. अंगणात मात्र एकही गाडी नव्हती, चाकाचा माग नव्हता. आत काउंटरमागं फळीवर खोल्यांच्या किल्ल्या टांगलेल्या, आणि सगळ्यांवर धूळ. काउंटरलगत सतीशची कॉट होती. तो तिच्या कडेला अंग चोरून बसला होता. शर्ट पाठीला चिकटलेला, ओला.

"ताई, तू कावून आलीस?"

"गिऱ्हाईक कुठंय, सतीश?"

"न्हाईत."

"मग वर एवढ्या चादरी कुणाच्या?"

तो जिन्याकडे बघत राहिला. जिन्यावरून छबुबाई उतरत होती, लॉजची जुनी कामवाली. तिच्या हातावर वाळलेल्या चादरींची चळत होती. ती खोल्यांकडे वळली आणि चैताली तिच्या मागं गेली. छबुबाईनं एका खोलीत चादर अंथरली, कोपरे खोचले, उशी थोपटली. घरी मानाचा पाहुणा यायचा असावा इतक्या निगुतीनं.

"मावशी, इथं कोण राहतं?"

छबुबाईनं कमरेची किल्ली काढून शेवटची खोली उघडली. "हितली चादर ऱ्हायलीय धुवायची. बघा."

खिडकी बंद होती. साबणाच्या वडीचं वेष्टनही फोडलेलं नव्हतं आणि टीव्हीवर धुळीचा थर होता. फक्त चादर ओली होती. सगळी नव्हे, मधोमध. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घेतलेल्या माणसाएवढी ओल. खोलीला उपसलेल्या विहिरीचा वास येत होता. चैतालीनं बोट टेकवलं आणि तसंच मागं घेतलं. इतका गारठा बाहेरच्या हवेतही नव्हता. तिला भीती वाटली, लहानपणी वाटायची तशी.

"कोण असतं हे?"

"म्या इचारलं न्हाई कधी. अंथरूण मिळालं की गप पडून ऱ्हात्यात."

"आणि नाही घातलं तर?"

छबुबाईनं चादर गोळा करून काखेत मारली. "सुंदरराव मालकानं केलतं एकदा बंद. मग मालक जिथं झोपंल तिथं जात्यात. मालक पार लेकीच्या गावाला गेलते, तर तिथंबी. लेकीनंच माघारी धाडलं त्यास्नी."

चैताली जवळजवळ धावतच काउंटरपाशी आली. सतीश उठून उभा राहिला होता, म्हणून आता त्याची चादर दिसली. काठावर त्याच्या अंगाची कोरडी पट्टी. तिच्यालगत, त्याच्याकडे तोंड करून, ओल. गुडघे पोटाशी.

"खोल्या पुरंनात, ताई," तो हळूच म्हणाला. "रोज वाढत्यात. रस्ता झाल्यापासून लईच."

याच रस्त्यावर मुक्कामाची माणसं वाढतच जाणार, असं तिनं स्वतः कंपनीला लिहून दिलं होतं. तिनं सतीशचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच गाडीत बसवलं. चपलाही घालू दिल्या नाहीत.

छबुबाई दारापर्यंत आली. "आज अंथरुणं घालू ना?"

"काही घालू नका. कुलूप लावा आणि घरी जा."

"बाई, ऐका—"

"आता मालक नाही इथं कुणी!"

छबुबाईनं चादरींची चळत पायरीवर ठेवली. ती चैतालीकडे बघत नव्हती. गाडीत बसलेल्या सतीशकडे बघत होती.

घरी आल्यावर सतीश पोटभर जेवला आणि भिंतीकडे तोंड करून गाढ झोपला. आईनं त्याच्यावरून हात फिरवला. आपला भाऊ आपणच घालवत होतो आणि आपणच परत आणला, या विचारानं चैतालीला रडू आलं. तीही झोपली. कधी नव्हे अशी तिला छान गार झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ती उशिरा उठली आणि अंथरूण तसंच टाकून दुपारी सतीशसाठी शक्तीचं औषध आणायला गेली. परत येताना गल्लीच्या वळणावर तिची मान सवयीनं वर गेली.

घराच्या गच्चीवर दोऱ्या ओथंबल्या होत्या.

सतीशची चादर. आईची. पाहुण्यांच्या बंद खोलीतली. पेटीतल्या, वर्षभर न काढलेल्या.

आईनं कठड्यावरून वाकून हाक मारली. "चैताली, रात्री कोण आलतं गं? पेटीतली अंथरुणंबी ओली केली!"

चैताली दोरीच्या टोकाला बघत होती. तिथं तिची स्वतःची निळी चादर होती. एक बाजू वाऱ्यावर हलत होती, कोरडी. दुसरी अजून वाळली नव्हती.

गुडघे पोटाशी. तोंड ती झोपली होती त्या बाजूला.