मागच्या सीटवरचं प्लास्टिक

हे खरं घडलंय. ज्याला पटत नसेल त्याने अंबरनाथला यावं आणि माझ्या डाव्या हाताची दोन बोटं बघावीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं. दोन्ही वाकडी आहेत. ती कोणी मोडली आणि का मोडली, तेच सांगणार आहे.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. अमावास्या तर अजिबात नाही.

पौर्णिमा होती. २००६ सालची बुद्ध पौर्णिमा. शनिवार, सकाळचे साडेअकरा, डोक्यावर रणरणतं ऊन. जागा, बदलापूर सोडून बारवी धरणाकडे जाणारा रस्ता.

मी प्रीती. घरात आम्ही तिघं. आई गयाबाई, मोठा भाऊ प्रमोद आणि मी. प्रमोदला मी दादा म्हणते. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

मी तापट आहे. लहानपणापासून. राग आला की मला समोरचं दिसत नाही, हे आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

भांडण गाडीवरूनच सुरू झालं होतं.

आईचे गुडघे गेले होते. रिक्षात चढताना बिचारीच्या डोळ्यात पाणी यायचं. म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. मी म्हणाले नवी घेऊ. दादा म्हणाला सेकंडहँड.

"शोरूमच्या गेटबाहेर काढली की नवी पण जुनीच झाली ना? कशाला एवढा खर्च?"

"दादा, नव्या गाडीत कोण बसलं, काय झालं, सगळं आपल्याला माहीत असतं. जुन्या गाडीत कोण काय करून गेलंय, तुला कुठे माहीत?"

"इंजिन बघायचं असतं गं. माणसं कशाला बघायची?"

"मी पण कमावते. नवी घे, अर्धे हप्ते मी भरते." मी तेव्हा एमआयडीसीतल्या एका कंपनीत ऑफिसला होते.

"आणि तुझं लग्न झाल्यावर कोण भरणार? तुझा नवरा?"

तो हसला. मला ते जिव्हारी लागलं. महिनाभर मी त्याच्याशी धड बोलले नाही. मनातल्या मनात त्याला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही.

शेवटी सेकंडहँडच आली. बाबांच्या ओळखीचा एक बबन होता, उल्हासनगरला जुन्या गाड्यांची दलाली करायचा. त्याने पांढरी गाडी आणून दाखवली. कंपनीचं नाव सांगत नाही, तिची यात काय चूक?

"डॉक्टरची गाडी आहे ताई. रविवारच्या रविवार बाहेर काढायचे," बबन म्हणाला.

दलालांच्या सगळ्या गाड्या डॉक्टरांच्याच असतात, नाही का?

पण गाडी चकाचक होती. सीटना कोरी कव्हरं. वरून जाड, पारदर्शक प्लास्टिक, शोरूममधून आत्ताच आणल्यासारखं. आई त्यावरच खूश झाली.

आमच्या घरात टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक निघत नाही. सोफ्याचं नाही, फ्रिजच्या हँडलचं नाही. मग गाडीचं कसं निघणार?

"राहू दे. नवी वाटते," आई म्हणाली. "कोणी विचारलंच तर नवीच सांगू."

हीच आमची चूक. ते प्लास्टिक आणि खालचं कव्हर वेळीच काढलं असतं, तर आतलं दिसलं असतं.

घरी आणल्यावर बुद्धांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील म्हटलं, झालं. लिंबू-मिरची आमच्याकडे चालत नाही. आजही चालत नाही. भूतबित मी मानत नाही.

पण बोटं माझी आहेत.

गुडघ्यांमुळे आई पुढे बसायची, दादाच्या शेजारी. मी मागे, आईच्या पाठीशी. दादा उंच, त्याने आपलं सीट पार मागे सरकवलेलं. त्यामुळे त्याच्या मागची जागा कायम रिकामी.

चौथ्या की पाचव्या दिवशी पहिल्यांदा आवाज आला.

चर्रर्र...

घामाने ओला माणूस प्लास्टिकवर सरकून बसला की येतो ना, तसा.

मी बाजूला बघितलं. कोणी नव्हतं. कोण असणार?

"दादा, ऐकलंस?"

"उन्हाने प्लास्टिक ताणलं जातं. डोकं नको खाऊ."

पण मग तो आवाज सकाळीही यायला लागला. सारखा नाही. दादाने ब्रेक मारला की यायचा. गाडी थांबली की मागचा माणूस पुढे सरकतो, तसा. चर्रर्र... आणि गाडी सुटली की परत मागे.

एकदा संध्याकाळी मी गाडी पुसत होते. मागचं दार उघडलं. दादाच्या मागच्या जागेवर प्लास्टिक खाली दबलेलं होतं. खोल. कोणीतरी बसून आत्ताच उठावं तसं.

मी बघत असताना ते सावकाश वर आलं.

मी दार आपटलं आणि वर पळाले. घरात काही बोलले नाही. बोलले असते तर दादा म्हणाला असता, नवी गाडी मिळाली नाही म्हणून नाटकं करते.

पण दादाचंही काहीतरी बिनसलं होतं. तो मान चोळायचा. शर्टाचं वरचं बटण लावेनासा झाला. एकदा जेवताना मी बघितलं... त्याच्या गळ्यावर लाल वळ होता. आडवा.

"हे काय रे?"

"उष्णता," तो म्हणाला आणि कॉलर वर ओढली.

मग ती पौर्णिमा आली.

धरणाच्या अलीकडच्या एका वाडीत आईचं माहेर. दर वर्षी तिथल्या विहारात खीरदान असतं आणि खीर आमच्याकडून जाते. आईने पहाटे उठून मोठा टोप भरून खीर केली. आम्ही तिघंही पांढऱ्या कपड्यांत. माझी नवी पांढरी ओढणी होती, सुती, लांब.

टोप ठेवायचा कुठे? डिकीत तो मावेना. म्हणून मागच्या सीटवर, माझ्या नेहमीच्या जागेवर ठेवला.

"तू तिकडून बस, आणि टोपाला हात लावून धर," आई म्हणाली. खिरीचा मोठा पितळी डाव तिने स्वतःच्या मांडीवर घेतला.

तिकडून म्हणजे... दादाच्या मागे.

मी क्षणभर दारातच उभी राहिले.

"बस ना बाई लवकर! लोक वाट बघतायत."

बसले. प्लास्टिक माझ्या खाली वाजलं. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि ते प्लास्टिक गार होतं.

बदलापूर येईपर्यंत काही झालं नाही. आई मामाच्या पोरांची नावं घेऊन काय काय सांगत होती. मी टोप धरून बसले होते.

बदलापूर सुटलं. रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडे कोरडी भातशेतं.

आणि आवाज आला. चर्रर्र...

मी हललेच नव्हते.

माझे गुडघे वर आले. आपोआप. दादाच्या सीटच्या पाठीला जाऊन टेकले. तिथे दोन खळगे होते, कव्हरच्या आत. माझे गुडघे बरोबर त्यात बसले.

"गाडी बाजूला घे," मी म्हणाले.

म्हणाले म्हणजे, तोंड माझं होतं. आवाज माझा होता. पण म्हणायचं मी ठरवलं नव्हतं.

"काय झालं? खीर सांडली का?" दादाने आरशात बघितलं. आणि त्याचा चेहरा बदलला. त्याला आरशात काय दिसलं, ते त्याने आजपर्यंत सांगितलेलं नाही.

मी टोप सोडला. गळ्यातली ओढणी काढली. दोन्ही हातांना गुंडाळली. घट्ट. एखादं रोजचं काम असावं तसं ते हात करत होते.

मग राग आला.

आयुष्यात कधी आला नाही एवढा राग. डोकं फुटेल एवढा. मी ओढणी दादाच्या डोक्यावरून टाकली, गळ्याशी आणली, आणि गुडघे सीटला रोवून मागे खेचली.

दादाचं डोकं मागे आपटलं. त्याच्या तोंडातून आवाजच निघेना. हात स्टिअरिंगवरून सुटले, तो गळ्याशी नखं मारायला लागला. स्वतःची कातडी ओरबाडली त्याने. पाय कुठेतरी पेडलवर पडला आणि गाडी जोरात सुटली.

"प्रीती! ए प्रीती, सोड! अगं भाऊ आहे तुझा!"

मला सगळं ऐकू येत होतं. सगळं दिसत होतं. दादाचा कान निळा पडत होता, माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर. मी आतल्या आत ओरडत होते, सोड गं, सोड.

हात आणखी खेचत होते.

गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि बांधावर आदळली. टोप उलटला. गरम खीर माझ्या मांड्यांवर, पोटावर. भाजलं. तरी हात सुटले नाहीत.

आईच्या कपाळातून रक्त येत होतं. तशीच ती मागे वळली. ज्या बाईला रिक्षात चढता येत नव्हतं, ती दोन सीटच्या मधून अर्धी मागे घुसली. हातात तो पितळी डाव.

माझ्या डाव्या हातावर तिने घाव घातला. एक. दोन. तीन... हाडाचा आवाज आला. चौथ्याला दुसरं बोट मोडलं.

हात सुटेना.

मग आईने डाव फेकला आणि माझं मनगट चावलं. दात आत जाईपर्यंत. तिच्या हनुवटीवरून माझं रक्त गळत होतं आणि ती सोडत नव्हती. मीही सोडत नव्हते.

शेवटी ओढणी रक्ताने ओली होऊन डाव्या हातातून निसटली.

दादा स्टिअरिंगवर पडला. हलत नव्हता. मग एकदम घरघरला आणि त्याने श्वास घेतला. मी मोठ्याने रडायला लागले. रडणं माझं होतं, तेवढं कळलं.

हॉस्पिटलमध्ये आम्ही अपघात सांगितला. गळ्याचा वळ बघून डॉक्टरांनी दोनदा विचारलं. आईने दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. दादा अकरा दिवस आत होता. जीव वाचला. आवाज गेला तो गेलाच. आजही कुजबुजल्यासारखा, खरखरीत बोलतो.

गाडी टो करून उल्हासनगरला नेली. खीर आत मुरून आंबली होती, म्हणून सीट कव्हरवाल्याकडे लावली. आई आणि मी गेलो होतो. म्हातारे सिंधी चाचा होते. गाडी बघून त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"ये गाडी... आपको किसने दी?"

मी बबनचं नाव सांगितलं. त्यांनी कात्री परत उचलली. प्लास्टिक फाडलं, कव्हर कापलं. दादाच्या सीटच्या पाठीत दोन गोल खळगे होते. गुडघ्यांचे.

"दो महिने पहले मैंने खुद भरा था इसको," चाचा म्हणाले. "नया फोम डाला था. पूरा सपाट किया था."

"काय झालं होतं चाचा?"

त्यांनी आधी आईला स्टुलावर बसवलं. मग सांगितलं.

"टुरिस्ट टॅक्सी होती. ड्रायवर का गला घोटा, पीछे बैठके. चलती गाडी में. गाडी ठोकली, मारनेवाला भी मर गया."

"आणि?"

"जिसने गाडी उचलली ना, त्याने बताया. दोनो मर गये थे, पर उसके हाथ छूटे नहीं. कपडा काटना पडा."

आईने माझा प्लास्टरमधला हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

बबन गाडी परत घ्यायला आला. एका शब्दाने वाद घातला नाही. आधी पान्याने मागचं सीट खोललं, उचलून टेम्पोत टाकलं. मगच गाडीत बसला. म्हणजे त्याला माहीत होतं. ते सीट पुढे कुठे गेलं, ते त्याने सांगितलं नाही.

तीन वर्षांनी दादाने नवी गाडी घेतली. शोरूममधून. तिथल्या तिथे, कंपाउंडमध्ये उभं राहून त्याने सगळं प्लास्टिक स्वतःच्या हाताने फाडून काढलं. मग माझ्यासाठी पुढचं दार उघडलं.

"तू इथे बस," म्हणाला. प्रेमाने म्हणाला. पण तेव्हापासून मी कधीच त्याच्या मागे बसलेली नाही.

रिक्षात काय करणार? तिथे ड्रायवरच्या मागेच बसावं लागतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते, घर येईपर्यंत.

भुताचं मला काही वाटत नाही. सीट गेलं, विषय संपला. माझी झोप उडते ती त्या रागाने. तो राग त्या मेलेल्या माणसाचा होता, की महिनाभर मी मनात साठवलेला माझाच होता?

परवा घरी पुन्हा वाद झाला. काय तर, आईला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं. दादा माझ्याकडे पाठ करून जेवत होता. तो काहीतरी बोलून हसला. तसाच, तेव्हासारखा. मी ओट्याशी उभी होते. खांद्यावर ओढणी होती.

मी काही केलं नाही. शपथेवर सांगते, मी जागची हललेही नाही.

दादाचा घास हातातच थांबला. त्याने मागे वळून बघितलं नाही. त्या खरखरीत आवाजात हळूच म्हणाला,

"प्रीती... हात खाली घे."

मी हातांकडे बघितलं. ओढणी माझ्या दोन्ही हातांना गुंडाळलेली होती.